घरच्यांनी पाडलेले काका

उन्हं तिरपी झाली की आमच्या शाहूपुरीतल्या घरात सगळ्यांचीच धांदल उडायची. खाली दुकान आणि वर आम्ही राहायला. जैनाचं घर, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलीच पाहिजेत. शेजारीपाजारी तेव्हा कुठं दुपारचा चहा उकळत असायचा आणि आमच्याकडं तव्यावर भाकऱ्या फुगत असायच्या. भाकरी थापल्याचा आवाज खाली दुकानापर्यंत जायचा. मग आई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन हाक मारायची, "अहो, या आता, उन्हं गेली की!" खाली पाइप कापायची करवत थांबायची, नळावर हात धुतल्याचा आवाज यायचा आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, एक एक पायरी मोजल्यासारखे वर यायचे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि आईनं लावलेलं घट्ट दही. चातुर्मासात त्यातलं निम्मं गळायचं, पण दही कधी गळालं नाही. आज मी एकटीपुरता कुकर लावते, रात्री नऊला जेवते, आणि तरीही संध्याकाळी उन्हं भिंतीवर चढायला लागली की पोटात भूक उठते. शरीराला शिकवलेलं शरीर विसरत नाही.

या सगळ्यात एक ताट रोज झाकून ठेवावं लागायचं. ते भूपालकाकांचं. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. दुकान दोघांचं. शेतीची अवजारं, पाण्याच्या मोटरी, पंपाचे सुटे भाग असा आमचा धंदा. अण्णांना प्रत्येक नटबोल्टची जागा पाठ, पण गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचे म्हटले की ते कपाळाला आठ्या घालायचे. काकांचं उलट. ते दारात उभे राहिले की रस्त्यावरून जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. "या पावणं, चहा घ्या" म्हणत ते त्याला आत आणायचे, आणि तो जाताना मोटर घेऊन नाहीतर निदान वॉशर तरी घेऊन जायचा. पण तोच माणूस काकांनाही घेऊन जायचा. कुणाला दवाखान्यात सोबत पाहिजे, कुणाच्या मुलीचं ठरवायला बोलणारा माणूस पाहिजे, कुणाची सरकारी कचेरीत ओळख नाही. काका आपले पायात चपला सरकवून निघाले. उन्हं जायची, ताट झाकलेलंच राहायचं, आणि मग दिवस मावळल्यावर काका परत येऊन पाणीसुद्धा न पिता झोपायचे. काकी तोंडानं काही बोलायच्या नाहीत. त्या आईच्या धाकट्या जाऊबाई, आईला अक्का म्हणायच्या, आणि झाकलेलं ताट उचलताना भांडं जरा जोरात आपटायच्या. त्या आवाजावरून घरात सगळ्यांना सगळं कळायचं.

आई लग्न होऊन गडहिंग्लजकडच्या खेड्यातून या घरात आली तेव्हा काका शाळेत होते. सासूबाई आधीच गेलेल्या. त्यामुळं काकांच्या डोक्याला तेल लावण्यापासून त्यांना शाळेत हाकलण्यापर्यंत सगळं आईनंच केलेलं. "माझ्या हाताखाली वाढलाय" असं ती त्यांच्याबद्दल सांगायची. पण समोर मात्र मोठ्या मानानं "भावजी" आणि "तुम्ही".

मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते. आमचे सर फार सुंदर शिकवायचे. शहाणा माणूस नफातोटा तोलून निवड करतो, हे त्यांनी फळ्यावर दोन रेघा मारून असं काही पटवलं होतं की मला माझं घर वेड्यांचं वाटायला लागलं. आई जवळची लक्ष्मीपुरीची मंडई सोडून चालत पार पेठेतल्या मंडईत जायची आणि पारूबाई नावाच्या बाईकडून सुकलेली मेथी घेऊन यायची. का, तर ती आईच्या माहेरच्या बाजूची. अण्णांचं तर विचारू नका. मुंगीला वाट करून देणारा हा माणूस शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा निस्सीम भक्त होता, आणि तो संघ हमखास हरायचा. सामन्याच्या दिवशी दुकान जुन्या नोकरावर, दौलूमामांवर टाकून ते मैदानात जाऊन बसायचे, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि घसा बसवून घेऊन घरी यायचे. जिंकणारा संघ धरा की, असं मी एकदा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना वडील बदला म्हणून सांगितलं.

एके दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "हजारो मतांत तुमच्या एका मतानं निकाल बदलत नाही. मग रांगेत उभं राहण्यात शहाणपणा कुठला?" मला फार आवडलं ते. मी घरी आल्याआल्या आईला गाठलं. ती परातीत तांदूळ निवडत होती.

"आई, एका मतानं काय फरक पडतोय गं?"

"कुणाच्या हळदीकुंकवाला एक बाई गेली न्हाय तर तिथलं काय अडतंय?" तिनं मान वर न करता विचारलं. "तरी जातोच की आम्ही."

"ते निराळं."

"निराळं कसं? कोण आली न्हाय ते सगळ्यास्नी बरोबर कळतंय."

"पण मत गुप्त असतंय. कुणालाच कळत न्हाय."

यावर आईचा हात जरा थांबला. "ते मात्र चांगलं हाय," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. त्या वाक्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्याच वर्षी नगरसेवकाची निवडणूक लागली. एका दुपारी गल्लीतली आठ-दहा माणसं वर येऊन सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "भूपालशेठ, ह्या खेपंला तुम्हीच उभं ऱ्हायचं." काका आधी हसले. मग लाजले. मग अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "बघ बाबा, तुझं तू." आई चहाच्या कपबश्या घेऊन आली होती. ती म्हणाली, "भावजींना जमंल?" माणसं हसली. एक जण म्हणाला, "वैनी, ह्यांना न्हाय जमणार तर कुणाला जमणार? वॉर्डात ह्यांच्याबद्दल वंगाळ बोलणारं एक माणूस दाखवा." खरंच होतं ते. काकांना नाही म्हणता आलं नाही, आणि ठरलं. आमच्या घरात बाईचं मत तेव्हा चहासोबत आलेल्या एका प्रश्नाएवढंच असायचं. उत्तर मिळालं नाही तर बाईनं रिकाम्या कपबश्या घेऊन आत जायचं. आई गेली.

काकांसमोर होते मारुती पैलवान. माणूस तसा वाईट नव्हता. दोन खेपा निवडून आलेला, गल्लीत काही झालं की बुलेटवरून येऊन उभा राहायचा, मोठ्यानं बोलायचा आणि जायचा. गटारं होती तशीच होती. पैलवानांच्या मांडवात रोज संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा शिजायचा आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर थेट आमच्या गॅलरीत यायचा. आमच्याकडं मटणाचं नावसुद्धा काढायची सोय नाही. आई आणि काकी पातेलंभर शिरा आणि भडंग करायच्या. कार्यकर्ते दिवस मावळायच्या आत आमच्याकडं शिरा खायचे, घोषणा द्यायचे, आणि अंधार पडला की पैलवानांच्या मांडवात जाऊन रस्सा ओरपायचे. सकाळी पुन्हा आमच्या दारात हजर. दौलूमामांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दौलूमामा आमच्या दुकानात आजोबांच्या काळापासून होते, त्यांचं घर आमच्याच वॉर्डात, आणि या निवडणुकीत त्यांचा गळा सगळ्यांत जास्त बसलेला. "शेठ, ह्यास्नी उद्यापासनं शिरा बंद करा," ते म्हणायचे. काका हसून म्हणायचे, "खाऊ दे रे. मत काय पोटात असतंय व्हय?"

आणि आई! आई आमच्या घरातला सगळ्यांत चांगला कार्यकर्ता निघाली. दुपारची भांडी घासून झाली की ती डोक्यावर पदर घेऊन, मला आणि काकींना बरोबर घेऊन निघायची. एकेका घरात उंबऱ्यावर बसून बायकांशी बोलायची. आधी त्यांच्या सुनेचं, गुडघ्याचं, नळाचं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "माझा दीर उभा हाय. माझ्या हाताखाली वाढलाय. खोटं कधी बोलला न्हाय. एवढी एक निशाणी ध्यानात ठेवा." बायका तिच्या कपाळाला कुंकू लावून पाठवायच्या. कितीतरी घरांत नवऱ्याला न सांगता मत आमच्याकडं वळलं असेल, याची मला खात्री होती. संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर तिचे पाय सुजलेले असायचे आणि काकी त्यांना तेल लावायच्या.

मतदानाच्या दिवशी आम्ही तिघी एकत्र गेलो. शाळेतली खोली, बायकांची वेगळी रांग, बोटाला शाई. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा असायचा. माझं नाव यादीत पहिल्यांदाच लागलेलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभी राहून मी काकांच्या निशाणीवर शिक्का मारला, तेव्हा सरांच्या त्या दोन रेघा मला आठवल्याही नाहीत. नव्या वहीवर पहिलं अक्षर काढावं तसा मी तो जपून मारला. माझ्यानंतर आई आत गेली. तिला बराच वेळ लागला. टेबलावरचा माणूस म्हणाला, "झालं का ओ बाई?" आतून आईचा आवाज आला, "झालं की. घाई काय हाय?" आता यंत्राचं बटण दाबलं की लांबलचक आवाज येतो आणि माणूस बाहेर पडतो. शिक्का हातात धरून उभं राहण्यात विचार करायला जरा जागा होती, असं मला उगीच वाटतं.

काका तीन मतांनी पडले.

पुन्हा मोजणी झाली. पुन्हा तीनच. पैलवान गुलालानं माखून जीपमधून आले ते आधी आमच्या दारात थांबले. खाली उतरून त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. "भूपालशेठ, घाम काढलासा," ते म्हणाले. काका हसले, पण ते हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. तीस मतांनी पडले असते तर दोन दिवसांत विसरले असते. तीन मतं माणसाला झोपू देत नाहीत. तीन माणसं म्हणजे चेहरे असलेली माणसं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सतरंजीवर त्या तीन चेहऱ्यांचा शोध सुरू झाला. तीच आठ-दहा माणसं, तोच चहा. बोलता बोलता गाडी दौलूमामांवर आली. त्यांच्या बहिणीचा मुलगा पैलवानांच्या तालमीत जायचा. शिवाय मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना त्या मांडवाजवळ कुणीतरी पाहिलेलं. "घरचाच माणूस फितला शेठ," एक जण म्हणाला. दुसऱ्यानं मान डोलावली. काका खाली सतरंजीच्या काठाशी चाळा करत बसले. ते हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. नाही म्हणणं त्यांना कुठं यायचं?

ते दौलूमामांच्या कानावर गेलंच. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. काकासुद्धा, कारण पडल्यापासून त्यांना कुणी बोलवायला येत नव्हतं. गॅलरीतून पिवळं ऊन ताटांवर आलेलं. दौलूमामा जिना चढून वर आले, दारातच थांबले आणि त्यांनी दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा उंबऱ्यावर ठेवला.

"शेठ, ह्या किल्ल्या. मी फितलो असं म्हणालीत माणसं. तुमच्या म्होरं म्हणालीत."

"अरे दौलू, मी कुठं तसं म्हटलंय?" काका ताटाकडं बघत म्हणाले.

"तसं न्हाय असंबी कुठं म्हटलासा?"

दौलूमामांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ते वळून जायला लागले आणि आईनं हातातली भाकरीची दुरडी खाली ठेवली.

"दौलू, किल्ल्या उचल. तुझं काय न्हाय त्यात. भावजींना मत मी दिलं न्हाय."

काकांनी मान वर केली. "वैनी?"

"व्हय. पैलवानाच्या निशाणीवर शिक्का मारला मी."

आईच्या तोंडावर ना भीती होती ना पश्चात्ताप. दूध नासलं हे सांगताना असायचा तसा चेहरा होता तिचा. काका हलकेच म्हणाले, "का?"

"तुम्हाला न्हाय म्हणाय येत न्हाय म्हणून." तिनं पदर सावरला. "गल्लीतली चार माणसं तुम्हाला वढून न्हेत्यात तर तुमचं जेवण रोज चुकतंय. सगळा वॉर्ड वढाय लागला असता तर तुम्ही उरला असता का आम्हाला? चांगलं काम घिऊन येणाऱ्याला तुम्ही व्हय म्हणता, वाईट काम घिऊन येणाऱ्यालाबी व्हय म्हणता. कुणीतरी कसलातरी कागद म्होरं सरकवला असता आणि तुम्ही हसत हसत सही केली असती. सरकवणारा निवांत घरात बसला असता आणि पोलीस आपल्या दारात आलं असतं. मी तवाच इचारलं होतं, जमंल का म्हणून. तुम्ही समदी हसलासा."

काकांनी अण्णांकडं पाहिलं. आता मोठा भाऊ बायकोला काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो परत ताटात ठेवला.

"मीबी न्हाय दिलं," ते म्हणाले.

आईसुद्धा दचकली. दोघं एका खोलीत राहणारी माणसं, पण एकमेकांचं हे त्यांना त्या क्षणी कळत होतं.

"हिच्यासारखं तुझ्या भल्यासाठी न्हाय हां," अण्णा घोगऱ्या आवाजात पुढं म्हणाले. "खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी. गिऱ्हाईक माझं तोंड बघून येत न्हाय. तू गेलास की दुकान गेलं. माणसं मला भ्यात्यात, भूपाल."

अण्णांच्या तोंडून एका दमात निघालेली इतकी वाक्यं मी त्याआधी ऐकली नव्हती. सरांच्या दोन रेघांत नीट बसेल असं त्या घरातलं ते एकमेव मत होतं, स्वतःचा नफातोटा चोख बघून दिलेलं. आणि तेच सांगताना माणसाचे कान लाल झाले होते.

खोलीत सगळे मनातल्या मनात तोच हिशेब करत होते. दोन मतं तिकडची इकडं आली असती तर काका एका मतानं का होईना, निवडून आले असते. शोधत होतो ते चेहरे ताटावर बसलेले होते. तेवढ्यात काकींना एकदम हुंदका फुटला.

"मी दिलं हो," त्या म्हणाल्या. "मी ह्यांनाच दिलं. नवऱ्याला सोडून कुणाला देणार? पण पद्मावतीला नवस बोलले होते. पडू देत म्हणून. साडी नेसवते म्हटलंय."

"तूबी?" काका म्हणाले.

"आपली पोर शोभी तापानं फणफणली होती, तवा तुम्ही कुठं होता? कुणाच्या म्हशीला डॉक्टर आणाय कसबा बावड्याला गेलता." काकी रडता रडता बोलत होत्या. "म्हस वाचली म्हणून हसत घरात आलता."

दारातल्या दौलूमामांनी कपाळावर हात मारला. "आणि मी तेवढा येडा! मी दिलं की ओ! तुम्ही निवडून आला असता तर तुमचं सगळं काम माझ्याच बोकांडी बसणार हुतं, ते काय मला कळत न्हवतं?"

"मग कशाला दिलंस?" अण्णांनी खरंच कळेना म्हणून विचारलं.

"शेठ उभं हुतं की," दौलूमामा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं उत्तर पूर्ण होतं.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मत काकांनाच दिलं हे सांगता आलं असतं, का दिलं ते नाही.

काकांनी ताट पुढं सरकवलं, हात धुतले आणि ते दौलूमामांच्या बाजूनं जिना उतरून खाली गेले. जाताना त्यांनी उंबऱ्यावरच्या किल्ल्या उचलल्या आणि दौलूमामांच्या हातात ठेवल्या. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. ऊन ताटांवरून सरकलं, भिंतीवर चढलं, गेलं. दिवस मावळला. त्यामुळं त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणीच जेवलं नाही, आणि भाकऱ्या सकाळी गाईला घातल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा खाली उतरले तेव्हा दुकान उघडलेलं होतं आणि काका गल्ल्यामागं बसलेले होते. पुढचे कितीतरी दिवस ते आमच्यापैकी कुणाशी कामापलीकडं बोलले नाहीत. रागावले असते तर आईनं समजूत काढली असती. पण ते रागावलेले नव्हते. आपल्या घराकडं ते पाहुण्यासारखे बघत होते, कोणत्या खोलीत कोण राहतं ते नव्यानं शिकत असल्यासारखे. सतरंजीवरची माणसं आली तेव्हा मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "दौलूनं मत मला दिलंय. ते नाव पुन्हा काढायचं न्हाय." माणसं चहा न घेता गेली. आणि एका दुपारी खालून कुणाचातरी आवाज आला, "भूपालशेठ, जरा कचेरीपातूर चला की." आई वर पीठ मळत होती. तिचे हात परातीत तसेच थांबले. मग काका म्हणाले, "आज न्हाय जमणार." आई पुन्हा पीठ मळायला लागली, पण त्यात पाणी जरा जास्तच झालं.

पुढं मी याच शहरात अर्थशास्त्र शिकवत म्हातारी झाले. नावं बदलून ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली. माणसं वेडी वाटतात तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला त्यांचा हिशेब दिसत नसतो, असं मी सांगायचे, आणि मुलं माना डोलवायची. आईच्या सुकलेल्या मेथीचं उदाहरणही द्यायचे. पारूबाई आठवड्याला एसटीनं गावाकडं जायची आणि आईच्या आईची खुशाली घेऊन यायची. मेथी हे निमित्त. पण एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, त्या बाईंचा हिशेब बरोबर असेल. पण वॉर्डाचं काय? वॉर्डाला एक चांगला माणूस मिळत होता, तो त्यांनी घरात ठेवून घेतला." गटारं पुढची कैक वर्षं तशीच तुंबत राहिली. आईच्या मतानं घर राखलं आणि गल्ली राखली नाही. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, गल्लीचं गल्ली बघंल. मला ते पूर्ण पटत नाही. पण ती चुकली असंही माझ्या तोंडून निघत नाही.

काका आणि आईचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं. दुपारची वेळ होती. आई गॅलरीत सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी आत पुस्तक उघडून बसलेले. काका वर आले, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनीही शेंगा फोडायला घेतल्या.

"वैनी, एक इचारू?"

"इचारा की."

"मला पाडायचंच हुतं, तर उन्हातान्हात दारोदार फिरून मतं कशाला मागितलीसा माझ्यासाठी? पाय सुजेपातूर?"

आईला या प्रश्नाचं नवल वाटलं. "म्हणजे? माझ्या दिराला चार मतं पडली असती तर गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हायली असती का? पडायचं तर मानानं पडावं. लोकांनी म्हणाय पायजे, थोडक्यात गेलं, न्हायतर भूपालशेठच हुतं." तिनं सुपातली टरफलं बाजूला सारली. "पर एवढं थोडक्यात जाईल असं वाटलं न्हवतं मला. जरा जास्तच फिरले."

काकांचे खांदे गदगदायला लागले आणि मला वाटलं ते रडतायत. मी उठून दारापर्यंत आले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शेंगा मांडीवरून सांडेपर्यंत हसत होते, आणि आई त्यांच्याकडं बघून "आता काय झालं?" म्हणत स्वतःही हसायला लागली होती.

"वैनी," दम लागल्यावर काका म्हणाले, "पुढच्या खेपंला तुम्हीच उभं ऱ्हावा."

"मी? आणि मला मत कोण देणार?"

काकांनी एक शेंग फोडली, दाणे तिच्यापुढच्या सुपात टाकले.

"मी तर न्हाय देणार," ते म्हणाले.